मग दुसऱ्या दिवशी काय?

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, की दहा-बारा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसू लागते. एस.टी.त बसलेलं कुणीही शेजारच्याला सांगतं, ‘तो पाहा चांदबिबीचा महाल.’ मीही तेच ऐकत मोठा झालो. सातवीत असताना आमच्या शाळेची सहल तिथं गेली, तेव्हा आम्ही पोरांनी कमानीत बसून डबे खाल्ले आणि राणी नेमकी कुठल्या मजल्यावर झोपत असेल, यावर भांडलो. पुढं कधीतरी कळलं, की तो महाल नाहीच, ती कबर आहे. आणि तीही चांदबिबीची नाही, सलाबत खानाची. हा मुर्तझा निजामशहाचा कारभारी. खाली तळघरात तो झोपलाय आणि वर नाव चालतंय बाईचं.

श्रोतेहो, मला यात लोकांची चूक दिसत नाही. त्यांना चांदबिबीसाठी एक उंच जागा हवी होती. जी दिसली ती त्यांनी तिला देऊन टाकली. कादंबरीकारही पुष्कळदा हेच करतात. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. राजदरबारातल्या कारस्थानांतून वाट काढणाऱ्या बायका आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत कशा येतात, आणि येताना त्यांचं काय काय मागं राहून जातं.

शाळेत इतिहासाच्या तासाला वर्गात आम्ही दोघंच मुसलमान मुलं. काही धडे असे असत, की ते चालू असताना कुणी काही बोलत नसे, पण आम्ही दोघं वहीत तोंड खुपसून बसत असू. चांदबिबीचं पान आलं तेव्हा मात्र मी मान वर केली. मोगलांनी सुरुंग लावून किल्ल्याचा तट उडवला, सरदारांचे पाय डळमळले, आणि ही बाई चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन, हातात नागवी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. तोफगोळे संपले तेव्हा तिनं तोफांत तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरून डागली. गुरुजी सांगत होते आणि मला वाटत होतं, हे सगळं माझ्याच घरातलं आहे.

घरी जाऊन मी ही गोष्ट दादीला सांगितली. आमची दादी घर चालवणारी बाई. आठवड्याच्या बाजारात जेवढे पैसे न्यायचे तेवढ्यात सगळं बसवून चार आणे परत आणायची. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘रुपये सब उडा दी, तो फिर दुसरे दिन क्या मारी?’

मला उत्तर आलं नाही. गुरुजींनी दुसऱ्या दिवसाचं काही सांगितलंच नव्हतं.

पुढं गावच्या वाचनालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट माझ्या हाती लागलं. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, मराठीत ही वाट सुरू होते. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, हडप, मग रणजित देसाई, ना. सं. इनामदार असा मी वाचत गेलो. भाषेचं वेड मला त्याच कपाटानं लावलं, हे कृतज्ञतेनं सांगतो. खलिते, चोरवाटा, वेषांतरं, रात्रीची खलबतं यांची एक गोडी असते आणि ती अजून सुटलेली नाही. पण दादीचा प्रश्न डोक्यात असल्यामुळे असेल, एक गोष्ट खटकू लागली. पुरुषानं दरबारात डाव टाकला की कादंबरी त्याला मुत्सद्दी म्हणते. तोच डाव बाईनं टाकला की ते कारस्थान होतं. आनंदीबाईंचं पाहा. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून त्यांचं नाव म्हणीत जाऊन बसलं. त्या अक्षरबदलाला कागदपत्रांचा भक्कम आधार नाही, हे इतिहासाचे अभ्यासक कितीदा तरी सांगून चुकले. पण म्हणीपुढं कागदाचं काय चालणार?

म्हणजे बाईला दोनच जागा. कारस्थान करत असेल तर ती खलनायिका. नायिका असेल तर तिनं कारस्थान करायचं नाही; तिनं प्रेम करावं, वाट पाहावी, सती जावं किंवा एकदाच तलवार उपसून उभं राहावं. मुसलमान बाई असेल तर जागा आणखी अरुंद. जाळीमागचं सौंदर्य, नाहीतर सूडानं पेटलेली बेगम. हरिभाऊंच्या ‘वज्राघात’मधली मेहेरजान या चौकटीच्या बरीच बाहेर येते, असं माझं मत आहे, आणि विजयनगरच्या नाशाची ती कादंबरी मी अजूनही अधूनमधून काढून वाचतो. पण मेहेरजान ही हरिभाऊंच्या कल्पनेतली. त्याच लढाईच्या आसपास एक खरीखुरी मुलगी होती, तिच्याकडे कादंबरीचं लक्ष गेलं नाही.

१५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली. त्याआधी एकमेकांचे गळे धरणाऱ्या दख्खनच्या सुलतानांना एकत्र आणायचं होतं. मग सोयरिकी ठरल्या. अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण दिला. अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला आली. ही जी मुलगी किल्ल्यासकट पाठवली गेली, ती चांदबिबी. वय पंधराच्या आसपास. ती तहाचं एक कलम म्हणूनच सासरी गेली. तह म्हणजे काय असतो, हे तिला तलवारीच्या आधी कळलेलं होतं.

तिची आई खुंजा हुमायूं. हुसेन निजामशहा लढाईनंतर लवकरच वारला आणि मुलगा लहान म्हणून या बाईनं काही वर्षं राज्य चालवलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचं एक सचित्र फारसी हस्तलिखित आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं काव्य, त्या काळातलंच. त्यातल्या चित्रांत सुलतानाच्या शेजारी त्याची बेगम रंगवलेली होती. पुढं मुलानं आईला कैदेत टाकलं, आणि मग त्या चित्रांतून कुणीतरी बेगमेवर रंग फासून तिला पुसून टाकलं. सुलतान आहे, सेवक आहेत, आणि शेजारी एक डाग. मला तरी ऐतिहासिक कादंबरीबद्दल याहून जास्त सांगणारं दुसरं काही माहीत नाही.

आई पुसली गेली. मुलीला एक प्रसंग मिळाला: खिंडार आणि तलवार. बाकीची वीस वर्षं गेली.

ती वीस वर्षं काय होती? १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. मूल नव्हतं. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि त्याचं पालकत्व चांदबिबीकडे आलं. कारभार कामिल खानाच्या हाती. तो डोईजड झाला, बेगमेचा मान राखेना, तेव्हा तिनं किश्वर खानाला पुढं करून त्याला दूर केलं. त्यात कामिल खानाचं डोकं गेलं. मग किश्वर खान डोईजड झाला. त्यानं थेट चांदबिबीलाच कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठवलं. तो म्हणजे आपला अजिंक्यतारा. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी महाराणी ताराबाईंनी तिथूनच पेशव्यांशी डाव मांडले. त्या किल्ल्याच्या भिंतींनी राजकारणी बायका पुष्कळ पाहिल्या. विजापुरात हबशी सरदार किश्वर खानावर उठले, तो पळाला, चांदबिबी सन्मानानं परत आली. मग हबश्यांत फाटाफूट. तेवढ्यात निजामशाही आणि कुतुबशाही फौजा विजापूरच्या तटाला भिडल्या. म्हणजे माहेरची फौज सासरच्या तटाखाली, आणि ही आत.

यात तलवारीचं काम फार थोडं होतं. कुणाला कुणाविरुद्ध उभं करायचं, कुणाला केव्हा सोडायचं, आणि त्या गदारोळात एक लहान पोरगा जिवंत कसा ठेवायचा, हा रोजचा हिशेब होता. तो पोरगा जगला. पुढं तो दुसरा इब्राहिम आदिलशहा झाला, त्यानं दख्खनीत ‘किताब-ए-नौरस’ लिहिलं, सरस्वती आणि गणपतीला वंदन केलं, आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणू लागले. आम्हा दख्खनी घरात जन्मून मराठीत लिहिणाऱ्यांना तो जवळचा वाटतो. त्याला वाढवणारी बाई कोण होती, हे मात्र आमच्यातल्याही फार थोड्यांना ठाऊक असतं.

१५८४ मध्ये इब्राहिमच्या बहिणीचं लग्न निजामशाहीत ठरलं, तिच्याबरोबर चांदबिबी माहेरी परतली. माहेरची अवस्था सासरहून वाईट. १५८८ मध्ये मुलानं बापाला मारलं, पुढच्या वर्षी त्या मुलाला दुसऱ्यांनी मारलं. १५९५ पर्यंत गादीवर माणसं इतक्या लवकर बदलली, की त्यांची नावं सांगून तुमचा वेळ घेत नाही. त्या वर्षी दरबारात एकाच वेळी चार गट आणि चार वारस उभे होते. मियाँ मंजूनं अहमद नावाचा एक मुलगा बसवला, तो निजामशाही रक्ताचाच नाही असं पुढं निघालं. इखलास खानानं दुसरं एक पोर शोधून आणलं. अभंग खानानं एका सत्तरीच्या म्हाताऱ्या राजपुत्राला उभं केलं. आणि चांदबिबी चावंडच्या किल्ल्यात कोंडलेल्या बहादूर या तान्ह्या मुलाच्या बाजूनं. घाबरलेल्या मियाँ मंजूनं गुजरातेत असलेल्या शाहजादा मुरादला मदतीला बोलावलं, अकबराच्या मुलाला. मग त्याला पश्चात्ताप झाला. किल्ला अन्सार खानाच्या हवाली करून तो निघून गेला.

चांदबिबीनं अन्सार खानाला मारवलं आणि बहादूरच्या नावानं द्वाही फिरवली. हे मी मुद्दाम सांगतो. तिच्यावर भक्तीनं लिहिणारे लोक हे वाक्य गाळतात. तिच्या हाताला रक्त होतं. त्या दरबारात ज्याच्या हाताला नव्हतं, तो जगलाच नाही.

डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांचा वेढा पडला. तटाखाली सुरुंग खणले गेले. मोगल छावणीतल्याच एका शिराजी माणसानं त्यांची खबर आत पोचवली. आतल्यांनी उलट खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यावर काम चालू असतानाच तो उडाला, खणणारे गेले, तटाला मोठं खिंडार पडलं. तो दिवस फेब्रुवारी १५९६ चा. पुढचं आपण सगळे जाणतोच, आणि फरिश्त्यासारखा समकालीन इतिहासकारही ते सांगतो. ती खरोखरच बुरखा घेऊन, तलवार घेऊन आली. संध्याकाळपर्यंत हल्ले परतवले गेले आणि रात्रभरात भिंत पुन्हा पुरुषभर उंच उठली. त्या दिवसापासून लोक तिला बिबी न म्हणता सुलताना म्हणू लागले. नाण्यांची गोष्ट मात्र लोकांनी आणि नंतरच्या लेखकांनी रंगवत नेलेली. ती खोटी म्हणून मला वाईट वाटत नाही. पण तिनं दादीच्या प्रश्नाचं उत्तर झाकून टाकलं, हे वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी काय मारलं? काही मारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कागद सुरू झाले. आत आणि बाहेर, दोन्हीकडे धान्याची ओढ होती. मोगल छावणीत मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांचं पटत नव्हतं. नळदुर्गाकडे विजापूरची फौज जमत होती, गोवळकोंड्याचे लोक तिला येऊन मिळत होते. ती फौज अजून दूर होती, पण मोगलांना तिची धास्ती होती. आणि धास्ती असते तोवरच तिला किंमत असते. फौज आली आणि हरली तर संपलं. चांदबिबीनं आधी नकार दिला, ताणून धरलं, आणि मार्चमध्ये तह केला. वऱ्हाड मोगलांना द्यायचं, आणि त्यांनी बहादूरला निजामशहा मानून वेढा उठवायचा.

वऱ्हाड दिलं, यावर पुष्कळांनी नाकं मुरडली आहेत. पण ते वऱ्हाड निजामशाहीनं घेतलं होतं १५७४ मध्ये, इमादशाही बुडवून. जेमतेम बावीस वर्षांची कमाई, तीही लांबची. तिनं ते देऊन जुनं घर राखलं. बाजारात दादी असंच करायची. कुठली वस्तू सोडायची हे आधी ठरवून जायची, आणि मग तासभर त्याच वस्तूसाठी भांडायची.

याच चांदबिबीवर एक आख्खी कादंबरी आहे, ती इंग्रजीत. कर्नल मेडोज टेलरची ‘अ नोबल क्वीन’. टेलर निजामाच्या नोकरीत आयुष्य घालवलेला माणूस, सुरपूर आणि नळदुर्ग इथं राहिलेला, इथल्या माणसांवर मनापासून जीव असलेला. तुळजापूरच्या परिसरात घडणारी ‘तारा’ही त्याचीच. चांदबिबीची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये, निघाली. मुखपृष्ठावर राणी आहे, पण गोष्टीची दोरी एका तरुण सरदाराच्या आणि त्याच्या प्रेमाच्या हाती. राणी वाट्याला येते ती उदात्त, शोभिवंत, थोडी लांबून. टेलरला दोष देत नाही. त्या काळी कादंबरीला प्रेमी युगुल लागायचंच. पण खिंडारात उभी राहिली तेव्हा ही बाई पंचेचाळिशीच्या आसपास होती, पंधरा वर्षांची विधवा होती. चित्रांत मात्र ती कायम घोड्यावर, मनगटावर ससाणा, वय वीस. प्रौढ बाईचा मुत्सद्दीपणा रंगवायला चित्रकारांना आणि कादंबरीकारांना जड का जातं कोण जाणे.

आता शेवट. तह टिकला नाही, कुरापती निघत राहिल्या. १५९७ मध्ये गोदाकाठी सोनपेठजवळ दख्खनी फौजा हरल्या. जो मुहम्मद खान तिनं पेशवा केला तो डोईजड झाला. त्याच्या जागी आलेला अभंग खानही तिच्याशी फटकून वागू लागला. विजापूरचंच चक्र. १६०० मध्ये शाहजादा दानियाल आणि खानखानान पुन्हा वेढा घालून बसले. अभंग खान जुन्नरकडे निघून गेला होता. चांदबिबीनं हिशेब केला. या वेळी बाहेरून कुणी येणार नव्हतं. किल्ला सोडावा, आतल्यांच्या जिवाची हमी घ्यावी, मुलाला घेऊन जुन्नरला जावं आणि तिथून राज्य चालवावं, असं तिनं एका अधिकाऱ्याला बोलून दाखवलं. कुणी त्याचं नाव हमीद खान देतं, कुणी जिता खान. तो रस्त्यावर धावत सुटला: बेगमेनं किल्ला विकला! जमाव महालात घुसला आणि तिला तिथंच कापून काढलं.

थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. आतली माणसं मारली गेली, बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. मागं उरलेली निजामशाही मलिक अंबरनं आणि नंतर शहाजीराजांनी १६३६ पर्यंत जगवली. किल्ल्याबाहेर राहून, डोंगराच्या आधारानं. म्हणजे तिनं सांगितलं होतं जवळपास तसंच.

पंडित नेहरू १९४२ ते ४५ याच किल्ल्यात कैदेत होते. आवारात बाग करताना खणलं, तेव्हा जुन्या भिंतींचे अवशेष लागले, हे त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त लिहिलंय, आणि तिथं त्यांना आठवली ती चांदबिबीच. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याला अहिल्याबाईंचं नाव मिळालं. त्या इथल्याच, चौंडीच्या. त्याही नवऱ्यामागं, सासऱ्यामागं राज्य सांभाळणाऱ्या, आणि चालून आलेल्या राघोबादादांना युक्तीनं परत फिरवल्याची गोष्ट त्यांच्याविषयी सांगतात. एका जिल्ह्यात अशा दोन बायका. नावावरून काय काय बोललं गेलं ते मी ऐकलंय. माझ्या मनात त्या दोघींचं भांडण लागत नाही.

ऐन तिशीत मी चांदबिबीवर कादंबरी लिहायला घेतली होती. सुरुवात अर्थात सुरुंगाच्या स्फोटानं. साठेक पानं झाली. धूर, घोडे, तलवारी, उर्दू-फारसी शब्दांची आतषबाजी. वाचून मित्र खूश. पण खिंडार बुजल्यावर मी अडलो, कारण सकाळी ती काय बोलेल हे मला सुचेना. मी तिला बोलायला शिकवलंच नव्हतं. फक्त उभं केलं होतं. पानं बांधून ठेवून दिली आणि कवितेकडे परत गेलो.

गेल्या वर्षी ते बाड पुन्हा काढलं. ती गेली तेव्हा होती साधारण त्याच वयाचा मी आता झालोय. साठ पानांतली अठ्ठावन्न काढून टाकली आणि स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सुरुवात केली आहे. अंबारखान्याचा कारकून समोर बसलाय, चांदबिबी त्याला विचारते आहे, ज्वारी किती, बाजरी किती, घोड्यांचा दाणा किती दिवस पुरेल. कारकून घाबरून आकडा फुगवून सांगतो, आणि ते तिला कळतं. सध्या मी त्या आकड्याशी अडलोय.